चढाईतून कोपऱ्यात आलेल्या पोराविषयी

प्रति,
जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील आश्रमशाळांचे क्रीडाशिक्षक, गावोगावच्या कबड्डी मंडळांचे कार्यकर्ते,
आणि रेषेबाहेर उभं राहून सामना संपायच्या आत निकाल देणारे समस्त प्रेक्षक,



भात झोडून झाला, नागली-वरई घरात आली की आपल्याकडे शाळांच्या पटांगणांत आणि गावाबाहेरच्या माळांवर चुन्याच्या रेघा पडायला लागतात. त्या रेघांच्या आत यंदा जे पोरगं नव्या जागी उभं राहणार आहे, त्याच्याबद्दल हे पत्र आहे. नाव लिहीत नाही, कारण तो एकटा नाही. प्रत्येक संघात दर वर्षी असा एक सापडतोच. वय सतरा-अठरा, अंगानं शिडशिडीत, पायात वारा. गेल्या वर्षीपर्यंत चढाया करायचा आणि बऱ्या करायचा. यंदा त्याला सांगितलं, ‘तू डावा कॉर्नर धर.’

पुढचं तुम्हाला पाठ आहे. पहिल्या सामन्यात तो दोनदा नको तेव्हा झेपावतो, दोनदा बाद होतो. कडेनं आवाज येतो, ‘याला कोणी उभा केला रे?’ दुसऱ्या सामन्यात त्याला मध्यंतरानंतर बाहेर बसवतात. तिसऱ्या सामन्यात तो पाण्याच्या बाटल्या भरत असतो. पुढच्या वर्षी तो संघातच नसतो, आणि कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘चढाईत चांगला होता, पकडीत काही दम नव्हता.’

मी टेबलाशी बसून गुणपत्रक भरणारा माणूस आहे. शिट्टी माझ्याकडे नसते, पेन असतं. आणि माझं म्हणणं असं की या पोराचा निकाल आपण ज्या कागदावरून लावतो, तो कागद त्याच्यासाठी बनलेलाच नाही. गुणपत्रकात चढाईचा गुण लिहायला जागा आहे, पकडीचा लिहायला आहे, बोनस, लोण, सगळ्याला आहे. पण कोपऱ्यात उभा राहून ज्यानं झेप घेतली नाही, आणि घेतली नाही म्हणूनच चढाईपटू रिकाम्या हातानं परत गेला, त्याची नोंद करायला कुठंच जागा नाही. चांगल्या कोपरारक्षकाचं निम्मं काम या न लिहिलेल्या जागेत होतं.

आधी एवढं बघू की जागा बदलली म्हणजे नेमकं काय बदललं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेपासून मागच्या अंतिम रेषेपर्यंत उरतात फक्त पावणेदोन मीटर. कोपरारक्षकाचा संसार साधारण या पावणेदोन मीटरांत. मागे सरकला तर अंतिम रेषेबाहेर बाद, बाजूला सरकला तर राखीव पट्टीत बाद, पुढे गेला तर चढाईपटूच्या हाताच्या टप्प्यात. काल-परवापर्यंत हाच पोरगा मोकळ्या मैदानात शिरून, हवं तिथं वळून, हवं तेव्हा परतत होता. तीस सेकंदांची चढाई त्याची स्वतःची होती, कधी मारायचं ते तो ठरवायचा. आता ते तीस सेकंद दुसऱ्याचे आहेत आणि त्यानं फक्त थांबायचं आहे. चढाईपटूला थांबायला सांगणं सोपं नाही. त्याचं अंगच तसं घडलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट रेषेबाहेरून दिसत नाही. कॉर्नरचा एक हात शेजारच्या बचावपटूच्या, म्हणजे ‘इन’च्या, हातात असतो. दोघांनी मिळून पुढे-मागे व्हायचं असतं. नवा कॉर्नर काय करतो ते एकदा जवळून पाहा. चढाईपटूनं खांदा हलवला की याचा जुना स्वभाव जागा होतो. हा स्वतः निसटायच्या तयारीत अंग झोकतो, आणि ‘इन’चा हात त्याच्याबरोबर हिसकला जातो. ‘इन’ अर्धं पाऊल पुढे ओढला जातो, गुडघा सरळ होतो, आणि चढाईपटूचा पाय त्याच्या मांडीला लागून जातो. गुणपत्रकात बाद होतो तो ‘इन’. शिव्या ‘इन’ खातो. खरं कारण कोपऱ्यात उभं असतं आणि त्याचं त्याला कळलेलंही नसतं. हे शिकवावं लागतं, आणि ओरडून शिकवता येत नाही. दोघांना रोज संध्याकाळी हात धरून नुसतं मागे-पुढे चालवावं लागतं. बघायला हे कंटाळवाणं दिसतं. माळावर जमलेली पोरंटोरं हसतात. हसू द्या.

मग घोटापकड. बोनस घ्यायला चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे टेकतो आणि मागचा पाय हवेत असतो, तेव्हा त्याच्या अंगाचा सगळा भार त्या एका घोट्यावर आलेला असतो. कॉर्नरची वेळ तीच. त्याआधी गेलात तर तो पाय मागे खेचून तुम्हाला शिवून जातो. नंतर गेलात तर तुम्ही मातीला मिठी मारता. ही वेळ पुस्तकातून येत नाही, शेकडो वेळा चुकल्यावर येते. आणि चुकलेल्या प्रत्येक वेळी समोरच्याला गुण मिळतो. म्हणजे शिकण्याची फी संघाच्या खात्यातून जाते. म्हणूनच कुणाला ती भरायची नसते.

आता आपल्या मुलखाचं बोलतो, कारण बाहेरच्या प्रशिक्षकांचे सल्ले इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत. शहरातल्या संघात जागा बदलायची तर प्रशिक्षक विचार करून बदलतो. आपल्याकडे जागा बऱ्याचदा वीटभट्टी बदलते. दिवाळीनंतर भिवंडी, वसई, वाडा, कल्याण इकडच्या भट्ट्यांवर घरंच्या घरं जातात, आणि त्यात गेल्या वर्षीचा तुमचा पक्का कॉर्नरही जातो. कोपरा रिकामा पडतो, स्पर्धा आठ दिवसांवर आलेली असते, आणि मग नजर फिरते ती त्या शिडशिडीत पोराकडे. ‘खेळाडू आहे ना तो, कुठेही खेळेल.’ नाही खेळत. निदान त्या आठ दिवसांत नाही. पी हळद नि हो गोरी, असं कोपऱ्यात होत नाही.

बरं, त्याला शिकायला वेळ तरी किती? बुवा साळवींच्या जन्मदिवशी, १५ जुलैला महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. त्या दिवशी जव्हारात मातीचं मैदान शोधायचं तर होडी घेऊन निघावं लागेल. पावसाळाभर मैदान नाही. पावसाळ्यानंतर भातकापणी. मग भट्ट्या. होळीच्या पुढे ऊन, आणि मातीचं मैदान धरून राहायला त्यावर पाणी मारावं लागतं. मुंबईला पाणी देणाऱ्या वैतरणेच्या खोऱ्यातल्या मोखाड्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. तिथं मैदानावर शिंपडायला पाणी मागायची हिंमत कुणाची? म्हणजे मंडळाच्या पोराच्या हातात नीट सराव करायला हिवाळ्याचे काही आठवडे राहतात. आश्रमशाळेतल्या पोराचं थोडं बरं आहे. तो वसतिगृहात राहतो, शिक्षक तिथंच, सोबती तिथंच, संध्याकाळ हाताशी. म्हणून माझी खरी विनंती आधी क्रीडाशिक्षकांना आहे. जागा बदलायची असेल तर शाळेत बदला. दहावी-बारावीनंतर तो मंडळाकडून खेळायला येईल तेव्हा त्याच्यापाशी वेळ नसेल. आणि हे सगळं मी पोरगा-पोरगा म्हणून लिहितोय, पण पोरींच्या संघांना ते तेवढंच लागू आहे. त्यांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे आणखी अडचणीचं. तिथं कोपऱ्यातली चूक लवकर महागात पडते.

आता ज्यांना उदाहरणाशिवाय पटत नाही, त्यांच्यासाठी.

रोहित शर्मा बोरिवलीच्या शाळेत दिनेश लाड सरांकडे आला तेव्हा तो ऑफस्पिन टाकणारा पोरगा होता. सरांनी त्याच्यातला फलंदाज ओळखला आणि त्याला वर पाठवलं. ही झाली पहिली जागाबदल. दुसरी सगळ्या देशानं पाहिली. भारताकडून एकदिवसीय सामने तो २००७ पासून खेळत होता, पण मधल्या फळीत. २०११ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत त्याला सलामीला पाठवून पाहिलं, काही जमलं नाही. तेव्हाच कुणी ‘हा सलामीचा नाही’ असा शिक्का मारला असता तर कागदावरून तो खराच ठरला असता. दोन वर्षांनी, २३ जानेवारी २०१३ ला मोहालीत इंग्लंडविरुद्ध पुन्हा सलामीला आला आणि ८३ धावा केल्या. त्या जूनमध्ये चॅम्पियन्स करंडकात जागा पक्की झाली, आणि २ नोव्हेंबरला बंगळुरूत ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९. पुढच्या वर्षी ईडन गार्डन्सवर २६४.

कसोटीत तर याहून गंमत. २०१९ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सराव सामन्यात विजयनगरमला तो सलामीला आला आणि शून्यावर बाद झाला. आपल्या माळावर असतं तर दुसऱ्या सामन्यात त्याच्या हातात बाटल्या दिल्या असत्या. पुढच्याच आठवड्यात विशाखापट्टणमला कसोटी सलामीवीर म्हणून पहिल्याच सामन्यात त्यानं १७६ आणि १२७ केल्या. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. आणि आपण सतरा वर्षांच्या पोराला एका सामन्यात निकाली काढतो. (रवी शास्त्री १९८१ साली वेलिंग्टनला दहाव्या क्रमांकावर फलंदाजीला आला होता आणि १९९२ साली सिडनीला सलामीला येऊन त्यानं २०६ केल्या, हे जुन्या मंडळींना आठवत असेलच. त्याला लागलेली वर्षं मोजा.)

पण रोहितचं उदाहरण देणारे बहुतेक जण त्यातून ‘धीर धरा’ एवढंच घेतात, आणि ते अपुरं आहे. नुसता धीर धरून कुणी कोपरारक्षक होत नाही. जुन्या जागेवरचं काय नव्या जागी उपयोगी पडतं आणि काय नव्यानं शिकावं लागतं, हे आधी ओळखावं लागतं. यासाठी मला क्रिकेटपेक्षा धावण्यातली दोन उदाहरणं जवळची वाटतात. एक तर अगदी शेजारची.

कविता राऊत सावरपाड्याची. हरसूलजवळचा हा पाडा मोखाड्याच्या लोकांना परका नाही. मधे जिल्ह्याची हद्द आहे, डोंगर तेच आहेत. २०१० साली तिनं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटांत मॅरेथॉन जिंकून तिनं रिओ ऑलिंपिकची पात्रता गाठली. ऑगस्टमध्ये रिओच्या उन्हात ती मॅरेथॉन धावली, २ तास ५९ मिनिटं लागली, क्रमांक १२० वा. त्याच आठवड्यात त्याच शहरात साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची, म्हणजे १९८४ नंतरची, ती पहिली भारतीय बाई.

आता मजा पाहा. ललिता मूळची मॅरेथॉनवाली. मुंबई मॅरेथॉनमध्ये सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आलेली. ती लांब अंतराकडून छोट्या अंतराकडे आली. कविता ट्रॅककडून मॅरेथॉनकडे गेली. ललितानं बरोबर आणलं ते मॅरेथॉननं कमावलेलं फुफ्फुस, आणि स्टीपलचेसमध्ये ते पहिल्या दिवसापासून कामाला आलं. शिकायचं होतं ते अडथळे आणि पाण्यातली उडी. २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ ला वुहानला आशियाई सुवर्ण, २०१६ ला रिओची अंतिम फेरी, असं ते पायरीपायरीनं आलं. कविताकडे वेग होता, पण मॅरेथॉनचे शेवटचे दहा-बारा किलोमीटर वेगावर पळता येत नाहीत आणि ते अंगात भिनायला वर्षं लागतात. तिच्या वाट्याला पात्रतेपासून ऑलिंपिकपर्यंत मोजके महिने आले. पेपरांत मात्र दोघींचे क्रमांक शेजारी-शेजारी छापून आले. माझ्या मते कवितानं त्या दिवशी शर्यत पूर्ण केली हाच तिच्या बदलाचा खरा निकाल होता. पण तो मोजायला क्रमांक उपयोगाचा नाही.

आता एक उदाहरण पार अमेरिकेतलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर म्हणून एक जागा असते, बचावाच्या दुसऱ्या फळीत. समोरचा काय करतोय ते आधी वाचायचं आणि मग धावायचं. मायका पार्सन्स नावाचा पोरगा शाळेत पुढच्या फळीत खेळायचा, समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडायचा. पेन स्टेट विद्यापीठानं २०१८ मध्ये त्याला लाइनबॅकर केलं. पहिल्या वर्षी सुरुवातीच्या संघात त्याला एकाच सामन्यात उतरवलं, बाकी सामन्यांत तो नंतर यायचा. तरी त्या वर्षी संघात सर्वांत जास्त पकडी त्याच्याच, ८२. व्यावसायिक संघानं, डॅलस काउबॉइजनं, २०२१ मध्ये त्याला घेतलं तेव्हा दुसऱ्याच सामन्याआधी एक खेळाडू जखमी झाला आणि याला पुन्हा पुढच्या फळीत उभं केलं. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. तिथल्याच आयझेया सिमन्सचं उलटं. विद्यापीठात तो मिळेल त्या जागी खेळायचा. २०२० मध्ये ॲरिझोनाच्या संघानं त्याला आठव्या क्रमांकावर घेऊन लाइनबॅकर केलं. पहिल्याच सामन्यात त्याच्या राखणीतला गडी निसटून ७६ यार्ड पळाला, आणि नंतर काही सामने त्याला मैदानावर फार थोडा वेळ मिळाला. कोट्यवधी डॉलर मोजणारे लोकसुद्धा आपल्या माळावरच्या प्रेक्षकांसारखेच वागतात, हे वाचून मला बरं वाटलं होतं. पण त्यात शिकण्यासारखं पार्सन्सच्या बाजूला जास्त आहे. पेन स्टेटनं त्याला नव्या जागी आणलं तेव्हा लगेच सुरुवातीच्या संघात उभं केलं नाही, हळूहळू उतरवलं.

कबड्डीत परत येतो. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकला, तो सामना तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. त्या संघाचा कर्णधार अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. मूळचा चढाईपटू, पण पकडीतही उतरणारा. त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू तोच. त्याच संघात इराणचा मोहम्मदरझा शादलुई डाव्या कोपऱ्यात होता आणि हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढच्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला, तिथं चढायाही जास्त करू लागला, आणि त्याही वर्षी विजेत्या संघात राहून सर्वांत मौल्यवान खेळाडू झाला. आता हे पाहून आपल्याकडची पोरं म्हणतात, ‘आम्ही पण सगळं खेळणार.’ खेळा की. पण क्रम लक्षात घ्या. शादलुई आधीचे हंगाम मुख्यतः कोपऱ्यात उभा राहिला होता. एक जागा पक्की झाल्यावर दुसरी आली.

म्हणून अपेक्षेचं बोलू. अपेक्षा ठेवू नका असं मी म्हणत नाही. अपेक्षाच नसेल तर पोरगा का घाम गाळेल? पण कशाची?

त्याच्यापाशी एक मोठी ठेव आहे आणि तीच आपण वापरत नाही. तो चढाईपटू होता. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईला माणूस कसा घाबरतो, शेवटच्या पाच सेकंदांत दम तुटत आला की पाऊल कसं लांबतं, परत वळायच्या आधी नजर कशी मध्यरेषेकडे जाते, हे त्यानं स्वतः अंगावर घेतलेलं आहे. जन्मापासून पकड खेळणाऱ्याला हे बाहेरून शिकावं लागतं. तेव्हा पहिल्या काही सामन्यांत त्याला पकडी मागू नका, माहिती मागा. चढाई संपली की त्यानं ‘इन’ला आणि त्याच्या पलीकडच्या कव्हरला सांगायचं: ‘हा उजव्या पायावर वळतो’, ‘हा बोनसचं नाटक करतोय, मारणार हाताने’. हे जर तो बरोबर सांगत असेल तर तुमचा नवा कॉर्नर कामाला लागला असं समजा, भले त्याच्या नावापुढे शून्य असो.

दुसरं, किती वेळा गेला यापेक्षा किती वेळा नको तिथं गेला नाही ते पाहा. मैदानात सहा-सात जण उभे असताना कॉर्नरनं एकट्यानं झेपावायची काही गरज नसते. मागे तीन किंवा कमी उरले आणि पकड झाली तर दोन गुण, म्हणून तिथं मोह होतो, आणि तिथंच नवा माणूस सर्वांत जास्त फसतो. त्या वेळी त्याला जुन्या माणसाच्या मागून जायला सांगा. आधी दुसऱ्यानं धरलं की यानं येऊन पाय बांधायचा. हे काम त्याला लवकर जमेल, कारण त्यात वेग लागतो आणि तो त्याच्याकडे आहेच.

पकड स्वतः सुरू करण्याची अपेक्षा एका हंगामानंतर. माझं मत विचाराल तर दोन. यावर क्रीडाशिक्षकांशी माझे वाद झालेत आणि पुढेही होतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. प्रकल्पस्तरावर बाद फेरीचे सामने असतात, एक हरलात की पोरं परत बसमध्ये. तिथं नवख्याला शिकवत बसायची चैन कुणाला परवडते? खरं आहे. पण मग त्या सामन्यासाठी जुन्या कॉर्नरला ठेवा आणि नव्याला गावच्या सामन्यांत उभं करा. उलटं करू नका. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. गावच्या सामन्यात इज्जतीचा प्रश्न म्हणून पक्का संघ, आणि मोठ्या स्पर्धेत कुणी आलं नाही म्हणून नवखा कोपऱ्यात.

आणि वजन. कोपऱ्यात जड माणूस पाहिजे असा एक समज घट्ट बसलाय. वरिष्ठ पुरुषांत वजनाची मर्यादा ८५ किलो आहे, ती गाठणारी पोरं डोंगरात किती? आपल्या पोराला धडक देऊन चढाईपटूला बाहेर फेकायला सांगाल तर तो स्वतःच बाहेर जाईल. त्याचं हत्यार घोटा. खाली राहणं, हनुवटी वर न करणं, दोन्ही हातांनी घोटा धरून आपलं कपाळ समोरच्याच्या गुडघ्यापासून लांब ठेवणं. हे शेवटचं नीट शिकवा, दात आणि ओठ त्याचेच फुटतात. अंगात बळ येण्यासाठी पोटात काय जातं हाही प्रश्न आहे. जिथं कुपोषणाच्या बातम्या आपण तीस वर्षांहून जास्त काळ वाचतोय तिथं ‘अजून दहा किलो वाढव’ असं एखाद्या पोराला हसत सांगणं मला जमत नाही. तुम्हीही सांगू नका.

अजून एक. जागा का बदलली ते त्याला सांगा. ‘तू चढाईत कमी पडलास म्हणून’ की ‘तुझी नजर चांगली आहे म्हणून’ की ‘गेल्या वर्षीचा कॉर्नर भट्टीवर गेलाय म्हणून’, जे असेल ते. तिसरं कारण असलं तरी चालेल, त्याला ते घरीच माहीत असतं. न सांगता हलवलेला पोरगा प्रत्येक सामन्यात एकच गोष्ट शोधत राहतो, पुन्हा चढाईला कधी पाठवतील. त्याचं लक्ष मध्यरेषेकडे असतं आणि मागच्या पावणेदोन मीटरांत भोक पडतं.

प्रेक्षकांना एकच मागणं आहे. चढाईपटू हनुमान उडी मारून परतला की टाळ्या वाजवता, जरूर वाजवा. पण तीस सेकंद संपून चढाईपटू काहीही न मिळवता परत गेला तर तेव्हाही एकदा कोपऱ्याकडे बघा.

आणि मंडळांना. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, मालिकावीर अशी बक्षिसं तुम्ही देताच, वर्गणीतून दिलीत तरी थाटात देता. यंदा माझ्या टेबलावर एक दोनशे पानी वही जास्तीची ठेवा. जो पोरगा या हंगामात नव्या जागी खेळतोय त्याच्यासाठी तीत एक पान. किती चढाया त्याच्या बाजूनं रिकाम्या गेल्या, किती वेळा हात न हिसकता ‘इन’बरोबर राहिला, किती वेळा दुसऱ्याच्या पकडीला येऊन पाय बांधला. लिहायला मी बसतो. स्पर्धा संपली की ते पान त्याच्या हातात द्या, आणि पुढच्या वर्षी संघ निवडताना ते त्याच्याकडून परत मागून घ्या.

आपला,
टेबलाशी बसणारा एक गुणलेखक

ता. क. : जिल्हा किंवा राज्य पातळीवर सामने बऱ्याचदा मॅटवर होतात, आपला सराव अनवाणी मातीवर. घोटापकड शिकलेल्या पोराला मॅटवर पहिल्यांदाच बूट घालून उतरवलं तर त्याचं पाऊल धरतं आणि गुडघा फिरतो. निदान निघण्याच्या आदल्या आठवड्यात तरी मोठ्या शाळेच्या मॅटवर दोन संध्याकाळी मिळतात का ते पाहा. बूट मापाचे असावेत. थोरल्या भावाचे कापूस भरून घातलेले चालत नाहीत.